पानगळीचा चातुर्मास

गेल्या वर्षी श्रावणाच्या अखेरीस आम्ही उभयता लेकीकडे अमेरिकेस गेलो. लेक आणि जावई इलिनॉय राज्यात, शिकागो शहराच्या पश्चिमेस, बार्टलेट गावाच्या परिसरात राहतात. आमचे गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी. काळी जमीन, ऊस आणि भाजीपाला यांत आयुष्य गेलेले. त्यामुळे परदेशात पाहण्यासारखे काय काय आहे याची यादी जावईबापूंनी पुढे ठेवली, तेव्हा मी प्रथम विचारले, “घराला परसू आहे का?” लेक हसली. म्हणाली, “आहे अण्णा. आणि यंदाचा फॉल तुम्हांलाच सांभाळायचा आहे.”

‘फॉल’ म्हणजे पडणे. तिकडे शरद ऋतूला हेच साधे नाव आहे. पाने पडतात तो काळ, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे पानगळ येते ती उन्हाळ्याच्या तोंडावर. पिंपळ, पांगारा, सावर यांची पाने गळतात आणि लगोलग फुले किंवा कोवळी पालवी येते. तिकडे पाने गळतात ती थंडीच्या भयाने, आणि त्यानंतर पाच महिने झाडावर काहीही दिसत नाही. म्हणून तेथील माणूस सप्टेंबरपासूनच बागेची आवराआवर सुरू करतो. ही आवराआवर पाहावी, हाताला थोडे काम मिळावे, एवढ्याच हेतूने मी त्यात शिरलो. पण ती बाग मला शेवटी माझ्याच शेताच्या बांधावर आणून उभी करील, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

दशलक्षण पर्व तिकडेच साजरे झाले. बार्टलेट येथील जैन मंदिराची प्रतिष्ठा १९९३ साली झाली. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांचे लोक तेथे एकाच आवारात येतात. याच शिकागो नगरीत ११ सप्टेंबर १८९३ रोजी सर्वधर्म परिषद भरली होती आणि महुव्याच्या वीरचंद राघवजी गांधींनी तेथे जैन धर्माची बाजू जगापुढे मांडली होती. आमच्या पर्वाच्या दिवसांतच ती तारीख आली. उत्तम क्षमेपासून उत्तम ब्रह्मचर्यापर्यंत दहा दिवस प्रवचने ऐकली. नऊ वर्षांची नात रविवारच्या पाठशाळेत जाते. पाठशाळेत मुलांना लेश्यावृक्षाचे चित्र रंगवण्यास दिले होते. आमच्या गावच्या बस्तीतही भिंतीवर हेच चित्र आहे. जांभळाने लगडलेले झाड आणि भुकेलेले सहा जण. एक मुळापासून झाड तोडू पाहतो, दुसरा खोड, तिसरा मोठी फांदी, चौथा डहाळी, पाचवा नुसती फळे तोडतो, आणि सहावा खाली पडलेली जांभळे वेचून तृप्त होतो. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंतचा तो प्रवास. नातीने सहावा माणूस पांढरा ठेवला होता. मी कौतुक केले आणि चित्र शीतकपाटाच्या दारावर लागले.

बाग फार मोठी नव्हती. पुढे रस्त्यालगत हिरवळ, मागे चार लाकडी वाफे, कुंपणाला लागून फुलझाडांची पट्टी, एक मोठे मेपल आणि एक तरुण ओक. व्हाइट ओक हा त्या राज्याचा वृक्ष आहे. वाफ्यांत दोडका, कारली, घेवडा, टोमॅटो आणि मिरची. आपल्याकडे बी टोकले की ऋतू सांभाळून घेतो. तेथे मात्र दोडक्याला जेमतेम पाच महिने मिळतात. मे महिन्याच्या मध्यापर्यंत हिमाची भीती असते आणि ऑक्टोबरच्या मध्याला ते पुन्हा येते. आपले कोल्हापूर सुमारे १७ अक्षांशांवर आणि शिकागो ४२ अक्षांशांच्या जवळ. त्या २५ अंशांच्या अंतराचा अर्थ नकाशावर कळत नाही, तो दोडक्याच्या वेलापाशी कळतो.

पहिले काम कुंड्या घरात घेण्याचे. कढीपत्ता, तुळस आणि मोगरा ही मंडळी उन्हाळाभर अंगणात असतात. रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली जाऊ लागले की त्यांना आत घ्यावे लागते. पण थेट उचलून आणता येत नाही. पानांच्या मागे मावा, कोळी, कधी एखादी अळी असते. बाहेर वारा-पाऊस आणि इतर कीटक त्यांना आवरतात. बंद घराच्या ऊबेत ती वाढतात आणि मग लोक फवारणीच्या बाटल्या आणतात. आम्ही तसे केले नाही. आठ दिवस आधीपासून रोज सकाळी एकेक कुंडी आडवी धरून पानांच्या मागून मऊ धारेने पाणी सोडले, आणि ते पाणी बाहेरच्या झुडपांखालीच जाऊ दिले. पाणी गाळल्यावर फडक्यावर राहिलेले जीव पुन्हा त्याच विहिरीत सोडण्याची माझ्या आईची रीत होती. कुंडी धुताना ती आठवली. कुंडीच्या बुडाखाली गोगलगाय निघाली, तीही ओकाखाली ठेवली. कुंड्या एकदम उन्हातून अंधारात न आणता, आधी चार दिवस सावलीत ठेवून मग दक्षिणेच्या खिडकीशी मांडल्या. तरीही कढीपत्त्याने बरीचशी पाने टाकली. लेक घाबरली. मी म्हणालो, “त्यालाही इथली हवा लागली. तोही फॉल पाळतो आहे. पाणी कमी घाल आणि वाट पाहा.”

दुसरे काम बियांचे. दोडक्याची दोन फळे आणि घेवड्याच्या शेंगा वेलावरच वाळू दिल्या. दोडक्यातील जाळी सुकून खुळखुळा वाजू लागला की बी तयार झाले असे समजावे. हिमाचा इशारा आला त्या संध्याकाळी उरलेले हिरवे टोमॅटो उतरवून घेतले. कच्चे टोमॅटो कागदात गुंडाळून खोलीत ठेवले तर तीन-चार आठवड्यांत सावकाश रंग धरतात. ऑगस्टच्या शेवटी टाकलेली मेथी आणि पालक मात्र थंडीला भीत नाहीत. हलक्या हिमाने पालक उलट गोड होतो. पण आमच्या घरी चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असल्यामुळे ते वाफे दिवाळीची वाट पाहत हिरवेगार उभे राहिले. पावसाळ्यात पानांवर सूक्ष्म जीव फार, म्हणून हा नियम. तेथे पावसाळा असा नाही, मग नियम का, असा प्रश्न जावईबापूंनी केला. सौभाग्यवती म्हणाली, “नियम हवेचा नसतो, मनाचा असतो.” मला त्यावर अधिक काही सांगता आले नाही.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कुंपणाच्या पट्टीत केशरी, काळ्या रेघांची फुलपाखरे दिसू लागली. ही मोनार्क. इलिनॉयने त्यांना आपल्या राज्याचा कीटक मानले आहे. कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातून ती मेक्सिकोच्या मिचोआकान भागातील डोंगरी जंगलात जाऊन हिवाळा काढतात. शिकागोपासून ते अंतर जवळजवळ तीन हजार किलोमीटर आहे. उन्हाळ्यात जन्मलेले मोनार्क काही आठवडेच जगते. पण शरदात जन्मलेली पिढी आठ-नऊ महिने जगते, कारण तिला हा प्रवास करावयाचा असतो. त्यांच्या अळ्या खातात ते झुडूप लेकीने दाखवले. त्याला तिकडे मिल्कवीड म्हणतात. पान मोडले तर पांढरा चीक आला, शेंग उकलली तर रेशमी म्हातारी उडाली. मी म्हणालो, “अगं, ही तर आपल्या रुईची बहीण!” खरोखरच दोन्ही एकाच कुळातील, आणि आपल्याकडे रुईच्या पानांवर वाढणारे केशरी फुलपाखरूही मोनार्कच्याच प्रजातीचे. आमच्या बांधावरची रुई मी दरवर्षी निरुपयोगी म्हणून खणून काढीत आलो आहे. तेथे मात्र ती मुद्दाम लावलेली होती. शेंगा तडकू लागल्यावर लेकीने काही बिया शेजाऱ्यांना दिल्या आणि काही तेथेच मातीत टाकल्या. त्या बियांना उगवण्यासाठी आधी एक हिवाळा सोसावा लागतो, म्हणून त्या शरदातच टाकायच्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मेपलचा रंग फिरला. एका रविवारी आम्ही लाइल येथील मॉर्टन आर्बोरेटम पाहण्यास गेलो. मीठ-व्यवसायातील जॉय मॉर्टन यांनी १९२२ साली हे वृक्षोद्यान उभारले. त्यांचे वडील ज्युलियस स्टर्लिंग मॉर्टन यांनी १८७२ साली नेब्रास्का राज्यात वृक्षारोपण दिनाची प्रथा सुरू केली होती. सुमारे १,७०० एकरांच्या त्या उद्यानात मेपलचा लाल, हिकरीचा पिवळा आणि ओकचा तपकिरी रंग एकाच उतारावर पाहिला. दिवस लहान होऊ लागले की पानातील हरितद्रव्य मोडते आणि त्याखाली उन्हाळाभर दडलेला पिवळा रंग वर येतो. मेपलचा लाल मात्र त्या शेवटच्या दिवसांतच नव्याने तयार होतो. पुढे देठाशी पातळ पडदा धरतो आणि पान स्वतःहून सुटते. तेथील जंगलाच्या भागात कोणी पाने झाडीत नव्हते. पायाखाली वीतभर मऊ थर होता. उचलून पाहिला तर वर कोरडी पाने, खाली ओलसर तुकडे आणि त्याखाली काळी, सुगंधी माती. शंभर वर्षे तेथे कोणी खताची गाडी नेली नसेल.

आणि घरी आलो तो पानांवरून वाद सुरू झाला.

वसाहतीत घरमालकांची एक संस्था आहे. रस्त्यालगतची हिरवळ स्वच्छ दिसली पाहिजे, असा तिचा नियम. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात चारी बाजूंनी पाने उडवणाऱ्या यंत्रांचा घरघराट सुरू झाला. जावईबापूंनीही तसे यंत्र भाड्याने आणले. पाने पुढच्या अंगणातून, मागच्या अंगणातून, फुलांच्या पट्टीतून, सगळीकडून एकत्र करायची, यंत्राने बारीक करायची आणि कागदी पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवायची, असा त्यांचा बेत. त्या राज्यात १९९० पासून बागेतील कचरा कचराडेपोत पुरण्यास कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तो वेगळा नेऊन त्याचे खत करतात. व्यवस्था चांगलीच आहे. मलाही त्यात काही वावगे दिसले नाही. उलट जाळीत तर नाहीत ना, असे वाटून समाधानच झाले.

विरोध केला तो नातीने. ती यंत्राच्या पुढे उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, खाली लोक राहतात.” शेजारी एक वृद्ध निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांनी तिला उन्हाळ्यात बरेच काही दाखवले होते. त्या कुंपणापाशी आल्या आणि त्यांनी गुडघे टेकून, पाने हलक्या हाताने बाजूला करून आम्हांलाही दाखवले. तपकिरी-काळ्या केसांची एक अळी पानाच्या घडीत वेटोळे करून बसली होती. ती तशीच गोठून हिवाळा काढते आणि वसंतात पुन्हा चालू लागते. काजव्याची अळी ओल्या पानांखाली आणि मातीत राहते. पंखांचा दिवा होण्यापूर्वीचे तिचे सारे आयुष्य जमिनीवरच जाते. लूना नावाच्या फिकट हिरव्या मोठ्या पतंगाची अळी खाली पडलेल्या पानांत कोश विणते. पान म्हणून आपण जे यंत्रात घालतो, त्यात पुढच्या उन्हाळ्याचा पतंग असू शकतो. भुंग्यासारखी केसाळ मधमाशी तर वर्षाअखेर सगळी मरते. उरते ती एकटी तरुण राणी, काही बोटे मातीत शिरून, वर पानांचे पांघरूण घेऊन. पुढच्या वर्षीचे सगळे मोहोळ त्या एका जीवावर अवलंबून असते.

शीतकपाटावरचे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आले. पडलेले वेचणारा सहावा माणूस आम्ही पांढरा रंगवतो. कारण जे झाडापासून सुटले, त्यात कोणाचा घात नाही, असे आपण धरून चालतो. पण पडलेल्या जांभळातही अळी असते, आणि पडलेल्या पानाखाली कोणी निजलेले असते. चित्रकाराने शुक्ल लेश्या फळावर थांबवली. ती तेथे संपत नाही, हे नऊ वर्षांच्या मुलीने यंत्रापुढे उभे राहून सांगितले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वाचकहो, जे सांगतो ते आजवर घरातही पुरते बोललो नव्हतो.

उसाच्या पट्ट्यातील शेतकऱ्याला पाचट म्हणजे काय ते सांगायला नको. तोडणी टोळी ऊस तोडून नेते आणि फडात एकरी तीन-चार टन वाळलेला पाला पडून राहतो. खोडव्याला पाणी द्यायचे, तर सरी मोकळी हवी. म्हणून संध्याकाळी वारा पडला की काडी लावायची. अर्ध्या तासात रान साफ. मी चाळीस वर्षे हेच केले, माझ्या वडिलांनीही केले. माझ्या पस्तिशीत एका फाल्गुनात वारा फिरला आणि आग बांधावरच्या गवतात शिरली. सकाळी गेलो तर गवताच्या राखेत तित्तराची काळवंडलेली पाच-सहा अंडी होती, आणि मादी बांधावरून इकडून तिकडे पळत होती. ती ओरडत नव्हती, नुसती पळत होती. मी खोऱ्याने ती अंडी मातीत सारली आणि पाणी दारे धरायला गेलो.

हिंसेचे चार प्रकार आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतात : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. शेती करताना जे जीव जातात, ती उद्योगी हिंसा. ती गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही. हे वर्गीकरण आचार्यांनी करुणेने केले, म्हणजे नांगर धरणाऱ्यालाही धर्माच्या घरात जागा राहावी. मी मात्र त्याचा उपयोग झाकण म्हणून केला. नांगरल्याशिवाय पीक नाही, हे खरे. पण काडी लावल्याशिवाय पीक नाही, हे खरे नव्हते. पाचट सरीआड दाबून, त्यावर थोडे युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकून खोडवा उत्तम येतो, हे कृषी विभागाचे लोक आमच्या गावात येऊन सांगत होते. मी ऐकले आणि कटकट नको म्हणून सोडून दिले. म्हणजे ते जीव माझ्या उद्योगापायी गेले नाहीत. माझ्या सोयीपायी गेले. त्याला कोणत्या रकान्यात मांडावे?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जावईबापूंना म्हणालो, “यंत्र परत करा. भाडे मी देतो. हाताने करू.” ते समंजस गृहस्थ. म्हणाले, “अण्णा, भाडं राहू द्या, पण संस्थेचं पत्र आलं तर?” प्रश्न खरा होता. नियम धाब्यावर बसवून शेजारधर्म बिघडवणे हीही अहिंसा नव्हे. मग सगळ्यांनी बसून बागेची वाटणी केली.

पुढची हिरवळ आणि पायवाट स्वच्छ ठेवायची, कारण गवतावर जाड थर राहिला तर गवतही गुदमरते. तेथील पाने दाताळ्याने हलक्या हाताने ओढायची, बारीक करायची नाहीत, आणि ती मागच्या फुलपट्टीत, झाडांच्या बुडाशी व रिकाम्या वाफ्यांवर सुमारे चार बोटे जाडीने पसरायची. खोडाला टेकवायची नाहीत, वीतभर अंतर ठेवायचे, नाहीतर साल कुजते. उडू नयेत म्हणून त्यांवर थोडे पाणी शिंपडायचे. उरलेली पाने कोपऱ्यातील तारेच्या जाळीत भरायची. स्वयंपाकघरातील ओला कचरा एक पाटी, तर वाळकी पाने तीन पाट्या, असे थर दिले की वास येत नाही आणि वर्षभरात खत होते. मेपल व ओक यांच्याखालचा भाग तर जसाच्या तसा सोडायचा. त्या भागाला लेकीने दगडांची नेटकी कड केली. शेजारच्या शिक्षिका म्हणाल्या की कड दिसली की लोक त्याला बाग म्हणतात आणि कड नसली तर कचरा म्हणतात. दोन्ही देशांत हे सारखेच.

वाळलेल्या फुलझाडांची खोडेही आम्ही कापली नाहीत. शंखपुष्पासारख्या मोठ्या जांभळ्या फुलांच्या बोंडांवर पिवळे गोल्डफिंच पक्षी बी टिपायला येतात. पोकळ काड्यांत लहान एकट्या मधमाश्या हिवाळा काढतात. त्या काड्या वसंतात, पुरेशी ऊब आल्यावर, हातभर उंची ठेवून छाटायच्या, म्हणजे नव्या माश्यांनाही घर मिळते. रोगट टोमॅटोचे वेल तेवढे काढून पिशवीत घातले. बाहेरच्या नळाचे पाणी आतून बंद करून नळी निथळून ठेवली, कारण आत राहिलेले पाणी गोठून फुगते आणि नळ फोडते. नव्या झाडांना जमीन गोठेपर्यंत आठवड्याला एक खोल पाणी दिले. थंडीने झाडे मरतात असे आपण समजतो, पण तेथे पुष्कळ झाडे हिवाळ्यातील कोरडेपणाने मरतात.

एक पेच ट्यूलिपचा आला. लेकीने तीस कंद आणले होते. ऑक्टोबरअखेर ते वीतभर खोल पुरायचे, तीन-चार महिने थंडी लागली की वसंतात फूल. आमच्या घरात कंदमुळे वर्ज्य, अनंतकाय म्हणून. मी साशंक होऊन सौभाग्यवतीकडे पाहिले. ती खुरपे घेऊन केव्हाच खाली बसली होती. म्हणाली, “खायला उपटणं वेगळं आणि उगवायला पुरणं वेगळं.” खणताना मात्र ती एकेक ढेकूळ हाताने फोडीत होती आणि निघालेले गांडूळ त्याच खड्ड्यात परत घालीत होती. तीस कंदांना दोन दिवस लागले. त्यातले निम्मे खारींनी उकरून नेले. ती म्हणाली, “त्यांनी काय नियम घेतलाय?”

दिवाळी नोव्हेंबरच्या आरंभी आली. पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढवला. दोनच दिवसांनी तेथील घड्याळे एक तास मागे गेली आणि सूर्य पाऊणपाचच्या आधी मावळू लागला. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा नियम असलेल्या आम्हां दोघांची चारलाच पाने वाढली जाऊ लागली. चातुर्मास संपला म्हणून मेथी-पालक खुडले. आणि आमचा चातुर्मास संपला त्याच सुमारास बागेचा सुरू झाला. साधू पावसाळ्यात विहार थांबवतात, कारण पायाखाली जीव असतात. येथे जीवच विहार थांबवून पानांखाली बसले होते आणि त्यांच्यावरून न चालणे, एवढेच आपले काम उरले होते.

संस्थेचे पत्र आलेच. मागील भागातील पानांबद्दल विचारणा होती. जावईबापूंनी छायाचित्रांसह सविस्तर उत्तर लिहिले, दगडी कडेचा उल्लेख केला. पुढे काही आले नाही.

त्याहून अवघड गोष्ट गावाकडे फोन करण्याची होती. शेती आता मुलगा पाहतो. मी त्याला म्हणालो, “यंदा पाचट पेटवू नकोस.” पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, “अण्णा, चाळीस वर्षं तुम्ही पेटवलंत. आता तिकडं बसून सांगणं सोपं आहे. माणसं मिळत नाहीत, मजुरी किती झालीय तुम्हांला ठाऊक आहे.” तो खोटे बोलत नव्हता. मी त्याला तित्तराची गोष्ट सांगितली. त्या आगीच्या वेळी तो चार वर्षांचा होता, त्याला ती ठाऊक नव्हती. क्षमावणीला आपण सर्व जीवांची क्षमा मागतो, पण ती मागताना डोळ्यांपुढे कोणी नसते, हे मी त्या दिवशी शिकलो. तो म्हणाला, “एक एकर ठेवून बघू. मजुरी तुमच्या पेन्शनीतून.” मी कबूल केले. मी गावच्या शाळेत शिक्षक होतो, त्या नोकरीची पेन्शन आजवर इतक्या आनंदाने कधी दिली नव्हती.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला बर्फ पडला. सकाळी खिडकीतून पाहिले तर पुढची स्वच्छ हिरवळ आणि मागचा पाचोळा दोन्ही सारखेच पांढरे. नात म्हणाली, “आजोबा, आता कुणाला कळणार नाही खाली कोण आहे.” मी म्हणालो, “आपल्याला ठाऊक आहे ना? मग पुरे.” डिसेंबरात आम्ही परत आलो.

माघात ऊस तुटला. त्या एका एकरात मी स्वतः उभा राहून पाचट सरीआड केले. चार दिवस लागले, पाठ धरली. शेजारच्या रानातून धूर येत होता. उरलेल्या दोन एकरांत मुलाने काडी लावली, मी घरातच बसून राहिलो. उन्हाळ्यात त्या एकराला पाण्याची पाळी उशिरा लागली, ओल टिकून होती. हे मुलाने स्वतःच सांगितले, मी विचारले नव्हते. यंदा किती ठेवायचे ते त्याने अजून ठरवलेले नाही. मीही विचारत नाही.

जूनच्या अखेरीस नातीचा फोन आला. मेपलखाली काजवे निघाले होते. आधीच्या वर्षापेक्षा अधिक की कमी, हे कोणी मोजले नव्हते. तिने फोन अंधाराकडे धरला. मला पडद्यावर काहीच दिसत नव्हते. “दिसतात का आजोबा?” तिने विचारले. मी म्हणालो, “हो.” त्या वेळी मी आमच्या बांधावर उभा होतो. तिकडे रात्र होती, इकडे सकाळ. यंदा न खणलेल्या रुईवर पट्ट्यापट्ट्यांची एक अळी पान खात बसली होती.